सेहेचाळिसाव्या वर्षी घटस्फोट, हाताला काम नाही. सुरुवात कुठून करू?

जाईचा_वेल | ९ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच.

एप्रिलमध्ये आमचा घटस्फोट झाला, परस्पर संमतीनं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. कारणं उगाळत बसायची नाहीत. मारहाण नव्हती, पण मी त्या घरात आहे की नाही याचा कुणाला फरकही पडत नव्हता. मुलगी एकोणीस वर्षांची, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर असते. मी आता मिरजेला आईकडे आलेय. आई बहात्तर वर्षांची, बाबा नाहीत.

वकिलांनी विचारलं तेव्हा "मला काही नको, फक्त मोकळं करा" असं म्हणून बसले. अंगावरचे दागिने आणि ६ लाख रुपये, एवढंच हातात आहे. त्यातून किती दिवस निघणार?

काम करायचंय. पण खरं सांगते, धाडस होत नाही. परवा बँकेत नवीन खातं काढायला गेले. समोरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि माझा हात चालेना. नाव कुठलं लिहू, इथूनच सुरुवात. सगळे मागे ताटकळलेत असं वाटून फॉर्म तसाच पर्समध्ये घातला आणि घरी आले. भाजीला गेले की हात आपसूक गवारीकडे जातो. त्यांना आवडायची. इथं आई खात नाही, मी खात नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा गवार आणली, शेवटी शेजारी देऊन टाकली. मला स्वतःला कुठली भाजी आवडते हे आठवायलासुद्धा वेळ लागला.

शिक्षण म्हणाल तर बारावीनंतर डी.फार्म (औषधनिर्माणाचा डिप्लोमा) केलं होतं, लग्नाआधी थोडी नोकरीही केली. त्याला आता जमाना झाला. मैत्रिणी म्हणतात मसाले कर, डबे कर. स्वयंपाक बरा करते. घरबसल्या डेटा एंट्रीच्या जाहिरातीही येतात. यातलं काय करावं? आणि कुणी विचारलं "मधली वीस-बावीस वर्षं काय करत होता", तर सांगायचं काय?

---

मालतीमावशी | १० जून, सकाळी ६:०५

बाळ, आधी नीट जेवतेस ना? झोप लागते का? कामाचं होईल. आईकडे आहेस हे बरं झालं.

---

बेलापूर_लोकल | १० जून, सकाळी ९:१२

ताई, डेटा एंट्रीच्या वाटेला अजिबात जाऊ नका, हात जोडून सांगते. २०२१ मध्ये मी गेले होते. आधी "नोंदणी फी" म्हणून साडेतीन हजार घेतले. मग पानंच्या पानं टाइप करायला दिली आणि शेवटी "चुका जास्त आहेत, करार मोडला, वकिलाची नोटीस पाठवू" असे धमकीचे फोन. दहा दिवस मी फोन बघितला की थरथरायचे. शेवटी भावानं सायबर पोलिसांकडे तक्रार केली तेव्हा फोन थांबले. काम देणारा माणूस आपल्याकडून पैसे मागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

---

फोंड्याची_शमा | १० जून, सकाळी १०:४०

डब्यांचं मी सांगू शकते. फोंड्याला सात वर्षं करतेय. नवरा वारल्यावर सुरू केलं, घटस्फोट नव्हे, पण एकटीनं उभं राहणं तेच.

पहिल्या महिन्यात ४ डबे होते, आज ३८ आहेत. चांगलं चाललंय. पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पहाटे साडेचारला उठावं लागतं, ताप असला तरी. गॅसचा भाव वाढला की डब्याचा भाव लगेच वाढवता येत नाही. महिनाअखेरीला दोघं-तिघं पैसे बुडवून खोली सोडून जातात. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी करून घ्या, छोट्या धंद्याला ती सोपी आहे, मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, घरातून बाहेर पडणं होत नाही. माणसं भेटत नाहीत. मला तेच हवं होतं, लोकांची तोंडं बघायची नव्हती. तुम्हाला काय हवंय ते बघा.

---

स्पष्टवक्ता | १० जून, दुपारी १:३०

राग मानू नका, पण मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, तर बावीस वर्षं काढल्यावर उरलेलीही काढता आली असती. मुलीचं लग्न व्हायचंय. या वयात संसार मोडून नोकरी शोधत फिरणं, कुणासाठी?

---

डोंगरवाट | १० जून, दुपारी २:०५

@स्पष्टवक्ता, "कुणासाठी" याचं उत्तर त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये दिलंय. आपल्याला कुठली भाजी आवडते हे ज्या बाईला आठवावं लागतं, तिनं उरलेली वर्षं तशीच काढायची? कागद झालेत, निर्णय झालाय. त्यांनी कामाचं विचारलंय, तेवढंच बोलूया.

मी पुरुष आहे, ठाण्याला असतो. ४९ व्या वर्षी माझा घटस्फोट झाला. नोकरी होती, पण सहा महिन्यांत तीही गेली, कारण मी ऑफिसात जाऊन नुसता बसून राहायचो. बाई असो की पुरुष, त्या काळात डोकं चालत नाही हे खरं आहे. मला सावरलं ते दोन गोष्टींनी. एक, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. दुसरं, रोज सकाळी घराबाहेर पडण्याचं एक ठरलेलं काम. माझं होतं सोसायटीतल्या एका आजोबांना येऊरच्या रस्त्याला फिरवून आणणं. ते थांबले असते तर मी परत अंथरुणात गेलो असतो.

---

मालतीमावशी | १० जून, दुपारी ४:५०

@डोंगरवाट आजोबा कसे आहेत आता?

---

डोंगरवाट | १० जून, संध्याकाळी ६:१५

मावशी, ठणठणीत आहेत. एक्क्याण्णव वर्षांचे झाले. आता ते मला फिरवून आणतात असं त्यांचं म्हणणं आहे.

---

काउंटरच्या_आतून | १० जून, रात्री १०:५५

दुकान बंद करून आत्ता वाचलं. ताई, तुम्ही मिरजेत राहता, डी.फार्म आहात, आणि विचारताय काय, तर मसाले करू का डबे करू?

मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वॉन्लेस डॉक्टरांच्या काळापासून मिरजेत चारी दिशांनी पेशंट येतात. कर्नाटकातनं येतात, सोलापूरकडनं येतात. दर दहा पावलांवर दवाखाना आणि त्याला लागून मेडिकल. रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर असल्याशिवाय औषध द्यायचं नाही असा कायदा आहे, १९४८ चा. आणि चांगला, टिकणारा फार्मासिस्ट मिळत नाही म्हणून आम्ही दुकानदार रडतो. पोरं दोन महिने काउंटरला उभी राहतात आणि पुण्याला पळतात. मी इचलकरंजीला २६ वर्षं दुकान चालवतोय, उगाच बोलत नाही.

आता सांगा:
पास कुठल्या वर्षी झालात? फार्मसी कौन्सिलला नोंदणी केली होती का? सर्टिफिकेट जवळ आहे का? नूतनीकरण शेवटचं कधी केलं?

---

जाईचा_वेल | ११ जून, सकाळी ७:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, जेवते. झोप मात्र तीनला मोडते.

@काउंटरच्या_आतून दादा, १९९९ ला पास झाले. नोंदणी त्याच वर्षी केली होती. सांगलीत एका मेडिकलमध्ये चार वर्षं होते, २००३ ला लग्न झालं आणि सोडलं. त्यानंतर नूतनीकरण केलंच नाही. सर्टिफिकेट कुठं आहे माहीत नाही. सासरी नव्हतं, म्हणजे असलं तर इथंच असेल. पण दादा, बावीस वर्षांत औषधं सगळी बदलली असतील. मी काउंटरला उभी राहून चुकीचं काही दिलं तर? माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

---

काउंटरच्या_आतून | ११ जून, सकाळी ७:५०

ही भीती ज्याला वाटते तोच माणूस मला काउंटरला हवा असतो. सर्टिफिकेट शोधा. बाकीचं नंतर.

---

अॅड_वैनगंगा | ११ जून, दुपारी १२:२०

मी नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. तीन मुद्दे, कारण इथं वाचणाऱ्या इतरही आहेत.

धागाकर्तीनं स्वतःची पोटगी सोडली. ते झालं ते झालं. पण मुलीची पोटगी आईला सोडता येत नाही, तो मुलीचा हक्क आहे. हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६ च्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलीला स्वतःचं भागवता येत नसेल तर वडिलांवर जबाबदारी राहते, ती अठरा वर्षांची झाली म्हणून संपत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणजे कॉलेजची फी तुमच्या ६ लाखांतून भरायचं कारण नाही. आधी साधं पत्र लिहा, ऐकलं नाही तर मुलीच्या नावानं अर्ज करता येतो.

दुसरं. ज्यांचं प्रकरण अजून चालू आहे त्यांनी "मला काही नको" म्हणायच्या आधी एक रात्र जाऊ द्या. पोटगी ही भीक नाही. नोव्हेंबर २०२० च्या निकालानं दोन्ही बाजूंना मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं, पोटगीही अर्ज केल्याच्या तारखेपासून धरली जाते. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना मोफत विधी सेवा मिळते, त्यांचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातच त्यांचं कार्यालय असतं.

तिसरं. नवऱ्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये तुमचं नाव होतं का? घटस्फोटानंतर ते संरक्षण जातं. स्वतःची पॉलिसी आधी घ्या, तब्येत चांगली आहे तोवरच.

---

बेलापूर_लोकल | ११ जून, दुपारी १:००

मेडिक्लेमचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तीन वर्षं तशीच फिरतेय. आजच चौकशी करते.

---

इंदौरी_पोहे | ११ जून, दुपारी ३:१०

थोडं वेगळं मत मांडते. माझ्या बहिणीनं पोटगीसाठी साडेचार वर्षं कोर्टाच्या चकरा मारल्या. पैसे मिळाले, पण ती साडेचार वर्षं गेली. दर तारखेला जुन्या जखमेची खपली निघायची. जाईताईंनी "मोकळं करा" म्हटलं त्यात मला काही चूक दिसत नाही.

---

अॅड_वैनगंगा | ११ जून, दुपारी ३:४५

@इंदौरी_पोहे, तुमच्या बहिणीचं दुःख मला कळतं, रोज बघते. पण मी अशाही बायका बघते ज्या पंचेचाळिशीत सगळं सोडून गेल्या आणि पंचावन्नाव्या वर्षी भावाच्या घरात एका खोलीत, भावजयीच्या मर्जीनं दिवस काढतायत. मला त्यांची काळजी जास्त वाटते.

---

पुणे३८ | ११ जून, संध्याकाळी ५:३०

माणसं नेमण्याचं काम करते, वीस वर्षं झाली. "मधल्या वर्षांत काय केलं" या प्रश्नाला बायका दोन तऱ्हेनं उत्तर देतात. एक तर मान खाली घालून "काही नाही, घरीच होते." नाही तर संसाराची सगळी कहाणी. दोन्ही नको. दोन वाक्यं तयार ठेवा, आरशासमोर मोठ्यानं म्हणा, आईला म्हणून दाखवा. पहिल्या वाक्यात घर सांभाळलं हे सरळ सांगायचं. दुसऱ्या वाक्यात त्या काळात केलेलं एखादं काम, जे या नोकरीला उपयोगी पडेल. बस्स.

घटस्फोटाचं सांगायची गरज नाही. तो त्यांचा विषयच नाही.

---

फोंड्याची_शमा | ११ जून, संध्याकाळी ७:००

@पुणे३८ मोठ्या शहरात ठीक आहे हो. लहान गावात तुम्ही दुकानात पाय ठेवायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं. मला वाटतं आपणच एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं. म्हणजे पाठीमागे कुजबुजायला काही राहत नाही.

---

पुणे३८ | ११ जून, संध्याकाळी ७:२०

हेही बरोबर आहे. गाव बघून ठरवावं.

---

जाईचा_वेल | १४ जून, रात्री ९:४५

सर्टिफिकेट सापडलं!

आईच्या लोखंडी ट्रंकेत होतं. माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत, वर्तमानपत्रात गुंडाळून आईनं ठेवलं होतं. मला एका शब्दानं बोलली नव्हती. "तू कधीतरी मागशील म्हणून ठेवलं" म्हणाली. कडा पिवळ्या पडल्यात, पण नोंदणी क्रमांक स्पष्ट आहे. आणि त्यावर माझं माहेरचं नाव आहे. लग्नानंतर पॅन, बँक सगळीकडे नाव बदललं, आधार तर सासरच्याच नावानं निघालं, हे एकच तेवढं राहून गेलं. फोटोत दोन वेण्या आहेत.

दादा, आता पुढे? नाव जुळत नाही त्याचं काय?

---

काउंटरच्या_आतून | १४ जून, रात्री ११:१०

आईंना माझा नमस्कार सांगा.

आता पुढचं. नोंदणी रद्द झाली असं समजून घाबरू नका. नूतनीकरण राहिलं की नाव नोंदवहीतनं कमी होतं, पण थकलेली फी आणि दंड भरून ते परत लावता येतं. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं आता बरंचसं काम ऑनलाइन आहे. रिफ्रेशर कोर्सही करावा लागतो, तो आनंदानं करा, तुमच्या भीतीवर तेच औषध आहे. कुणी तरी सांगेल की आता नोंदणीआधी एक्झिट परीक्षा द्यावी लागते. ती नव्या पोरांना. तुमची नोंदणी १९९९ चीच आहे.

तोवर घरी अभ्यास. बदललेलं सगळं एकदम पाठ करायला जाऊ नका. थोडं सांगतो. तुम्ही विकत होता ते दुखण्यावरचं रोफेकॉक्सिब २००४ मध्येच बंद झालं. ताप-दुखण्यावरचं निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना २०११ पासून द्यायचं नाही. एच-वन नावाचं शेड्यूल, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी, २०१४ पासून लागू आहे, काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या त्यात येतात. त्यांचं वेगळं रजिस्टर असतं, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग सगळं लिहायचं आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. बिलं आता कॉम्प्युटरवर. ते चार दिवसांत येतं.

आणि एक महत्त्वाचं. तुम्ही फार्मासिस्ट आहात हे कळलं की कुणी तरी येईल आणि म्हणेल, "ताई, तुम्ही यायची गरज नाही, सर्टिफिकेट तेवढं आमच्या दुकानात लावू, महिन्याला घरपोच पैसे." हे करायचं नाही. धाड पडली की दुकानाचा परवाना तर जातोच, तुमच्या नोंदणीवरही बालंट येतं. तुमच्या गैरहजेरीत कुणी चुकीची गोळी दिली तर नाव तुमचं.

---

अॅड_वैनगंगा | १५ जून, सकाळी १०:००

नावाचं सांगते. माहेरचं नाव परत लावायचं असेल तर सगळ्यात आधी राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्या, अर्ज ऑनलाइन होतो, हुकूमनाम्याची (घटस्फोटाच्या कोर्टाच्या आदेशाची) प्रत जोडा. मग आधार, मग पॅन, मग बँक, या क्रमानं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग तीनदा तपासा. सर्टिफिकेटवरचंच स्पेलिंग ठेवा म्हणजे कायमचा प्रश्न मिटेल.

पासपोर्ट काढणार असाल तर डिसेंबर २०१६ पासून घटस्फोटितांना पूर्वीच्या जोडीदाराचं नाव द्यावं लागत नाही, हुकूमनामाही मागत नाहीत.

---

इंदौरी_पोहे | १५ जून, सकाळी ११:२५

दोन वेण्यांचा फोटो बदलू नका हो. :)

---

मालतीमावशी | १५ जून, दुपारी १२:४०

त्या आईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतंय. बावीस वर्षं शालूत जपलं. माझ्या आईनं माझी मॅट्रिकची गुणपत्रिका अशीच जपली होती, मला ती तिच्या पश्चात सापडली. तुला तिच्या हातून मिळाली.

---

डोंगरवाट | १५ जून, दुपारी १:५५

मधे एक पैशाचं सांगतो. ते ६ लाख सहा महिने कुणालाही देऊ नका. भाऊ मागेल, मेहुणा प्लॉट दाखवेल, ओळखीचा एजंट येईल. मी तिसऱ्या महिन्यात मित्राच्या हॉटेलात ४ लाख घातले, ना हॉटेल राहिलं ना मित्र. त्या काळात "नाही" म्हणायचं बळ नसतं आपल्यात. मुदत ठेवीत टाका आणि "अडकलेत" म्हणून सांगा.

---

जाईचा_वेल | २ जुलै, रात्री १०:३०

नूतनीकरणाचा अर्ज गेला. राजपत्राचाही गेला. मुलीनं तिच्या वडिलांना स्वतः पत्र लिहिलं. मी सांगितलं नव्हतं, तिनं इथलं वाचलं. त्यांनी या वर्षीची फी भरली. वैनगंगाताई, हे तुमच्यामुळे.

आणि दादा, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. एक गृहस्थ घरी आले. महिन्याला ४ हजार, यायचं नाही, फक्त सर्टिफिकेट द्यायचं. आईनं चहा दिला. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "ताई, सगळेच करतात." मी परत नाही म्हणाले. ते गेल्यावर माझे पाय लटपटत होते, पण दोनदा "नाही" म्हणाले मी. गेल्या कित्येक वर्षांत कुणाला दोनदा "नाही" म्हटल्याचं आठवत नाही.

---

काउंटरच्या_आतून | २ जुलै, रात्री ११:०५

शाब्बास!

---

बेलापूर_लोकल | ३ जुलै, सकाळी ८:५०

हे वाचून मला लोकलमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

---

स्पष्टवक्ता | ३ जुलै, सकाळी ९:४०

मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. माझ्या धाकट्या बहिणीचंही असंच काही चाललंय, आणि मी तिलाही तेच सांगत होतो. काल तिच्याशी पहिल्यांदा नीट बोललो. वकीलताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

---

अॅड_वैनगंगा | ३ जुलै, सकाळी १०:१५

जरूर करा. तिलाच लिहायला सांगितलंत तर अधिक बरं.

---

फोंड्याची_शमा | ५ जुलै, दुपारी ३:००

जनऔषधी केंद्राचा विचार केलाय का कुणी? डी.फार्म असेल तर स्वतःचं काढता येतं, महिलांना फर्निचर-कॉम्प्युटरसाठी २ लाखांची जादा मदतही आहे म्हणे.

---

काउंटरच्या_आतून | ५ जुलै, रात्री १०:४०

आहे. छापील किमतीवर २० टक्के मार्जिन मिळतं. पण जागा हवी, भांडवल हवं, आणि मुख्य म्हणजे दुकानदारी अंगात मुरलेली हवी. ताईंनी आधी दोन वर्षं दुसऱ्याच्या काउंटरला काढावीत. माल कसा उचलायचा, एक्सपायरीचा माल परत कसा पाठवायचा, उधारी कुणाला द्यायची नाही, हे दुसऱ्याच्या पैशावर शिकलेलं बरं. मग केंद्र काढा, उद्घाटनाला मी येतो.

---

जाईचा_वेल | २८ सप्टेंबर, दुपारी २:१०

खूप दिवसांनी आले. सविस्तर लिहायचं ठरवलं होतं.

नोंदणी ऑगस्टमध्ये परत लागली. रिफ्रेशरला गेले तर पन्नास-साठ जण, त्यातल्या चार बायका माझ्याच वयाच्या. एकीची तर वीस वर्षांनी दुसरी खेळी आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाचजणी एकत्र बसलो आणि औषधांच्या जुन्या नावांवरच बोलत राहिलो.

तीन मेडिकलमध्ये विचारायला गेले. पहिल्या ठिकाणी "तरुण मुलगी हवी" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी "कळवतो" म्हणाले. तिसरं एका मोठ्या हॉस्पिटलजवळचं, मालक साठीचे. त्यांनी विचारलंच, "मधली वर्षं?" माझी दोन वाक्यं तयार होती, आईला रोज म्हणून दाखवत होते. "घर सांभाळलं. सासऱ्यांना मधुमेह होता, अकरा वर्षं त्यांचं इन्सुलिन मीच टोचलं." ते जरा थांबले आणि म्हणाले, "लाइट गेली की इन्सुलिनचं काय करायचा?" मी म्हटलं, फ्रिज उघडायचाच नाही. फार वेळ जाणार असेल तर माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायचं, पण बर्फाला चिकटवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. उघडलेली बाटली चार आठवड्यांवर वापरायची नाही. ते हसले नाहीत, मान हलवली आणि म्हणाले, "हे मला पोरांना दर वर्षी शिकवावं लागतं."

मग त्यांनी एक चिठ्ठी दिली आणि म्हणाले, काढा. अक्षर तसंच, मुंगीच्या पायाचं. माझ्या कानात सूं सूं होत होतं. रॅकवरची नावं परकी, पण आतलं घटकद्रव्य वाचलं की ओळखीचं निघायचं. एक औषध लागेना, तेव्हा अंदाज केला नाही. "हे मला वाचता येत नाही, डॉक्टरांना फोन करून विचारते," असं सांगितलं. नंतर ते म्हणाले की नोकरी तिथंच पक्की झाली.

शेवटच्या औषधाच्या दहाच्या पट्टीतल्या सहाच गोळ्या हव्या होत्या. मी कात्री घेतली, पट्टी उलटी धरून तारीख कुठल्या कडेला ठोकलीय ते बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं कापली. म्हणजे उरलेल्या चारांवर तारीख आणि बॅच नंबर दुकानात राहिला. हे मी ठरवून केलं नाही. हातानं केलं. सांगलीच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं ते. मी आठवतच होते की मला काय काय येत नाही, आणि हाताला येत होतं. तिथंच डोळे भरून आले, मालकांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आता दुपारी चार ते रात्री दहा. पगार १२ हजार. रात्री येताना मालकांचा भाचा त्या बाजूलाच राहतो, त्याच्या स्कूटरच्या मागोमाग माझी स्कूटर. हो, बाबांची जुनी स्कूटर दुरुस्त करून घेतली. पहिले पंधरा दिवस बिल करताना कॉम्प्युटर अडायचा आणि लोक खोळंबायचे. आता नाही.

बँकेतलं खातंही काढलं. त्याच बाई होत्या.

---

मालतीमावशी | २८ सप्टेंबर, दुपारी ३:००

तीनला झोप मोडते का अजून?

---

जाईचा_वेल | २८ सप्टेंबर, दुपारी ३:१०

मावशी, कधी कधी मोडते. रविवारी जास्त. सुट्टीच्या दिवशी घर फार शांत असतं. खोटं कशाला सांगू, परवा त्यांच्या लाडक्या डाळीला फोडणी देताना हात थांबलाच. पण साडेतीनला परत झोप लागते.

---

पुणे३८ | २८ सप्टेंबर, दुपारी ३:२०

इन्सुलिनचं उत्तर मी माझ्या पुढच्या बॅचला सांगणार आहे. पण जाईताई, १२ हजार कमी आहेत. तुम्ही तिथं फक्त उभ्या राहत नाही, दुकानाचा परवाना तुमच्यावर चालतो.

---

इंदौरी_पोहे | २८ सप्टेंबर, दुपारी ३:२५

इतक्या वर्षांनंतरची पहिलीच नोकरी आहे, लगेच पगाराचं काढू नका. आधी पाय रोवू द्या.

---

काउंटरच्या_आतून | २८ सप्टेंबर, दुपारी ३:३०

दुपारची झोप सोडून लिहितोय. मी दुकानदार असून पुणे३८ ताईंच्या बाजूचा आहे. दिवाळीपर्यंत थांबा, तोवर स्टॉक आणि एच-वनचं रजिस्टर दोन्ही तुमच्या हाती घ्या. दिवाळी झाली की १५ मागा. मालक शहाणा असेल तर देईल, आणि चिठ्ठी वाचता येत नाही म्हणणाऱ्या फार्मासिस्टला नोकरी देणारा माणूस शहाणाच असणार. आणि ते रजिस्टर रोजच्या रोज लिहा. उद्यावर टाकलं की नावं विसरतात.

---

जाईचा_वेल | २८ सप्टेंबर, दुपारी ३:४०

रोजच लिहिते दादा, दुकान बंद व्हायच्या आधी. पगाराचं दिवाळीनंतर बोलते, वाक्य आत्तापासून आईला म्हणून दाखवते. निघते आता, चारला पोचायचंय.